मोठे टायर लावावेत का? जीप आणि पिकअपधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की नागपूर, काटोल, उमरेड, रामटेक या बाजूच्या जीप आणि पिकअपधारकांचे फोन मला सुरू होतात. गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर लावावेत का, हाच बहुतेकांचा प्रश्न असतो. त्यातून निघणारे उपप्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी स्वतः दोन पावसाळे बरेच मोठे टायर वापरून नंतर उतरवले आणि आज एकच माप वरचे टायर वापरतो. माझी मते त्या अनुभवातून आलेली आहेत.

१. "मोठे टायर" म्हणजे नेमके किती मोठे? टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

टायरच्या बाजूवर २४५/७५ आर १६ असे कोरलेले आहे असे समजू. २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आहे. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १८४ मिलिमीटर आहे, आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास आहे. रिमचा व्यास आणि वरखालच्या दोन भिंती यांची बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास ७७४ मिलिमीटर येतो. याच रिमच्या व्यासावर २६५/७५ चा टायर ८०४ मिलिमीटरचा, तर २८५/७५ चा टायर ८३४ मिलिमीटरचा होतो. या शेवटच्यालाच, त्याचा व्यास सुमारे तेहतीस इंच असल्यामुळे, दुकानात "तेहतीसचा" म्हणतात.

पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाढ सुमारे ४ टक्के आणि तिसऱ्यापर्यंतची पावणेआठ टक्के आहे. मी पहिल्या वाढीला "एक माप वर" म्हणतो. "मोठे टायर" हा शब्द खऱ्या अर्थाने त्यापुढच्या वाढीला लागू होतो. पुढील उत्तरांत हीच तीन मापे उदाहरणादाखल घेतली आहेत. आपल्या गाडीचे माप वेगळे असल्यास हाच हिशेब स्वतः करून पाहावा.

२. मोठ्या टायरने गाडी किती उंच होते?

व्यासात जेवढी वाढ होते, त्याच्या निम्मी. २८५ च्या टायरने व्यास ६० मिलिमीटरने वाढतो, म्हणून गाडी ३० मिलिमीटरच वर येते. २६५ च्या टायरने फक्त १५. पण या ३० मिलिमीटरचे महत्त्व कमी लेखू नये, कारण अखंड एक्सलच्या गाडीत मध्ये लोंबणारा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा वर उचलण्याचा टायर हाच व्यवहार्य मार्ग आहे. लिफ्ट किटने बॉडी आणि चॅसिस वर जातात, परंतु एक्सल जिथल्या तिथेच राहतो. मनसरकडच्या खडकाळ वाटांवर ज्यांचा डिफरन्शियल दगडाला लागतो, त्यांच्यासाठी मोठ्या टायरचा हा खरा आणि निर्विवाद फायदा आहे. उंच चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते, हेही त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

३. आमच्याकडे सगळी काळी माती आहे. पावसाळ्यात पांधणीतून (शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेतून) शेतात जायला मोठे टायर लागतीलच ना?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीची उत्तरे मिळणारा प्रश्न हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा त्याच्याच आहेत. ओली झालेली ही माती रेतीसारखी सरकत नाही आणि लाल मातीसारखी निथळत नाही, ती टायरला चिकटते. टायरच्या नक्षीत एकदा ती भरली की नक्षी उरतच नाही, आणि टायर कितीही महागाचा असला तरी तो गुळगुळीत रबरी रुळासारखा फिरू लागतो. म्हणजे आपल्याकडे चाक अडते ते प्रामुख्याने नक्षी मोकळी होत नाही म्हणून. आकार लहान असणे हे कारण त्याच्या बरेच मागे येते.

याहून महत्त्वाची गोष्ट चाकाभोवतीच्या पोकळीची आहे. चाक आणि मडगार्डचे आतले अस्तर यांच्यात कंपनीने जी जागा सोडलेली असते, ती काळ्या मातीत फार मोलाची असते, आणि मोठा टायर नेमकी तीच जागा खाऊन टाकतो. माझ्या गाडीला २८५ चे टायर असताना काटोलजवळच्या एका पांधणीत जुलै महिन्यात जे घडले, ते मी विसरलेलो नाही. पहिल्या शंभर पावलांत गाडी उत्तम चालली. मग पुढच्या चाकांवरून वर फेकली जाणारी माती अस्तर आणि टायर यांच्यात दाबून बसू लागली, तिच्यात पऱ्हाटीची धसकटे आणि गवत मिसळले, आणि काही वेळाने डावे चाक जाम होऊन फिरण्याऐवजी घसरू लागले. पहारीच्या टोकाने आणि हातांनी ती माती उकरून काढायला आम्हा दोघांना तास लागला. विटेसारख्या घट्ट वड्या निघत होत्या, आणि त्यांच्या एका बाजूला टायरची नक्षी स्पष्ट उमटलेली होती. त्याच पांधणीतून मूळ मापाच्या टायरची एक जुनी गाडी आमच्या मागून येऊन पुढे गेली.

म्हणून काळ्या मातीसाठी माझे उत्तर असे आहे: एक माप वर, खोल आणि विरळ नक्षीचा टायर घ्यावा आणि चाकाभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा राखावी. रुंदीचा प्रश्न पुढच्या उत्तरात आहे, आणि हवेचा प्रश्न ९ मध्ये.

४. चिखलात रुंद टायर चांगला की अरुंद?

खाली काय आहे यावर ते ठरते. वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच पांधणींची अवस्था अशीच असते, तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत पोहोचतो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगत इकडे तिकडे सरकतो. आपल्या बैलबंडीचे जुने लाकडी चाक उंच आणि अरुंद असे, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हाच अनुभव होता. उलट, खाली टणक थरच नसेल, म्हणजे नांगरलेले खोल काळे रान किंवा कन्हानच्या पात्रातील कोरडी रेती असेल, तर वजन अधिक क्षेत्रावर पसरवणारा रुंद टायर उपयोगी पडतो. यामुळेच मी शक्य तेथे "उंची वाढवा, रुंदी वाढवू नका" असे सांगतो.

५. एटी घ्यावा की एमटी?

महिन्यातील बहुतांश किलोमीटर डांबरी आणि सिमेंट रस्त्यावर होत असतील तर ऑल-टेरेन, म्हणजे एटी. पावसाळ्यात दररोज शेतावर किंवा साइटवर जावे लागत असेल तरच मड-टेरेन, म्हणजे एमटी. एमटीच्या मोठमोठ्या ठोकळ्यांमधून माती फेकली जाते, हा त्याचा गुण आहे, पण ओल्या सिमेंट रस्त्यावर त्याच ठोकळ्यांचा रस्त्याशी संपर्क कमी असतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांबवर जाते. नागपुरातील सिमेंट रस्त्यांवर त्याचा घोंगावणारा आवाजही सतत सहन करावा लागतो. मूळ मापाचा एमटी हा मोठ्या मापाच्या एटीपेक्षा आपल्या चिखलात सरस ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

६. गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेजही पडला, असे सगळे म्हणतात. हे खरे आहे का?

पहिली तक्रार पूर्णपणे खरी आहे; दुसरी अंशतः.

चाकाचा व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच "लांब" होतो आणि जमिनीवर मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी घटतो. शिवाय २८५ चा जाड भिंतीचा टायर मूळ टायरपेक्षा आठ ते दहा किलोंनी जड असणे सहज शक्य आहे. हे वजन चाकाच्या कडेला फिरत असल्यामुळे ते प्रत्येक वेळी नव्याने पळवावे आणि थांबवावे लागते. चढावर गिअर खाली घ्यावा लागतो, क्लच जास्त वापरला जातो. गाडीला लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असेल तर आडवाटेवर ही उणीव बरीच भरून निघते, रोजच्या रस्त्यावर मात्र नाही.

ॲव्हरेजच्या बाबतीत आधी हिशेब दुरुस्त करावा. मोठ्या टायरवर मीटर कमी अंतर नोंदवतो. समजा मीटरवर ५०० किलोमीटर दिसले आणि ४५ लिटर डिझेल लागले. कागदावर ॲव्हरेज ११.१ येतो, परंतु गाडी प्रत्यक्षात जवळपास ५३९ किलोमीटर धावलेली असते आणि खरा ॲव्हरेज १२ च्या आसपास असतो. खरी घट त्यानंतर जी उरेल ती. याच कारणाने सर्व्हिसिंग मीटरच्या आकड्याच्या थोडे आधी करून घ्यावे.

७. स्पीडोमीटर चुकतो का? समृद्धीवर चलान येईल का?

चुकतो. २८५ च्या टायरवर, मूळ मीटर अगदी अचूक होता असे धरले, तर ८० दिसताना गाडी ८६ च्या वेगाने धावत असते, आणि समृद्धी महामार्गावरील प्रवासी मोटारींसाठीची १२० ची मर्यादा मीटर ११२ दाखवण्यापूर्वीच गाठली जाते. प्रत्यक्षात कारखान्यातून येणारे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्तच दाखवतात, त्यामुळे एक माप वरच्या टायरने फरक बहुधा भरून निघतो. अंदाजावर न राहता मोकळ्या रस्त्यावर मोबाइलमधील जीपीएसचा वेग शेजारी बसलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा आणि फरक कायमचा लक्षात ठेवावा.

८. ब्रेकवर परिणाम होतो का?

होतो, आणि याच विषयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर तेच राहतात, पण त्यांना थांबवायचे चाक मोठे आणि जड झालेले असते. पेडलवर तेवढाच दाब दिला तर जमिनीवर मिळणारा रोध प्रश्न ६ मधील जोराप्रमाणेच घटतो. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हे ठळकपणे जाणवते, कारण गिअर लांब झाल्यामुळे इंजिन ब्रेकिंगही कमी मिळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशा उतारावर नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवावा. ज्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि जे गाडीत माल भरून घाट उतरतात, त्यांना मी २८५ चे टायर लावू नका असेच सांगतो.

९. हवा किती ठेवायची? चिखलात कमी करावी का, आणि उन्हाळ्यात?

दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरचा आकडा मूळ टायरसाठी असतो. नव्या टायरसाठी तो आरंभबिंदू मानून खडूची चाचणी करावी. टायरच्या नक्षीवर आडवी, जाड खडूची रेघ ओढावी आणि सपाट सिमेंटवर गाडी सरळ पन्नास मीटर चालवावी. रेघ फक्त मध्ये पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली गेली तर कमी आहे. गाडी नेहमी जेवढ्या वजनाने चालते तेवढे वजन भरूनच ही चाचणी करावी.

चिखलात किंवा रेतीत उतरण्यापूर्वी हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत आणल्यास टायर जमिनीवर लांब पसरतो. मोठे टायर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी मूळ टायरवर हा प्रयोग करून पाहावा. अनेकांची अडचण यातच सुटते आणि मोठा खर्च वाचतो. १५ च्या खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. परत डांबरी रस्त्यावर येताच हवा भरलीच पाहिजे, म्हणून गाडीत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि गेज ठेवणे अनिवार्य समजावे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा कमी ठेवावी, हा समज घातक आहे. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये.

१०. टायर वळताना घासतो. स्पेसर (चाक बाहेर सरकवण्यासाठी त्याच्या मागे बसवायची जाड चकती) लावून चालेल का?

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूस चॅसिसला किंवा चिमट्याला (सस्पेन्शनच्या दांड्याला) लागतो, की बाहेर अस्तराला, हे आधी पाहावे. घासलेल्या जागी प्लॅस्टिक चकचकीत झालेले असते, त्यावरून लगेच कळते. स्पेसर किंवा वेगळ्या ऑफसेटचे रिम लावून चाक बाहेर काढले की आतला घास थांबतो, परंतु बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर येणारा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकले जाते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेले चाक मागच्या वाहनांवर दगड-चिखल फेकते. स्वस्त स्पेसरचे नट ढिले होण्याचा धोका वेगळाच. मी स्पेसर वापरत नाही आणि कोणालाही सुचवत नाही. एवढी जागा नसेल तर तो टायर त्या गाडीचा नाही.

रिमची रुंदीही तपासावी. २८५/७५ च्या टायरला किमान साडेसात इंच रुंदीचा रिम लागतो, तर २६५/७५ सात इंची रिमवर व्यवस्थित बसतो.

११. सध्या मागचे दोनच मोठे टायर घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर?

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत असे कधीही करू नये. पुढच्या-मागच्या चाकांचा व्यास वेगळा असला की फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांविरुद्ध पीळ खातात आणि त्यांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे नुकसान होते. एबीएसलाही (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेलाही) चाकांच्या वेगातील हा फरक गोंधळात टाकतो. जुनी स्टेपनी पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत, टू-व्हीलमध्ये आणि कमी वेगात चालवता येईल, त्याहून अधिक नाही. म्हणून खर्चाचा हिशेब नेहमी पाच टायरचा करावा. स्टेपनी मागच्या दारावर असणाऱ्या गाड्यांत जड टायरमुळे दाराच्या बिजागऱ्या सैल होतात, तेही ध्यानात घ्यावे.

१२. पिकअपमध्ये संत्र्याचे क्रेट आणि खताच्या गोण्या भरतो. मोठा टायर जास्त वजन पेलेल ना?

आकारावरून वजनक्षमता ठरत नाही. ती मापानंतर छापलेल्या लोड इंडेक्सवरून कळते. ११२ म्हणजे प्रति टायर १,१२० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. त्यापुढचे अक्षर वेगमर्यादेचे असते, जसे क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर. नव्या टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. आणि टायरची क्षमता वाढली तरी गाडीची वाढत नाही, कारण पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), एक्सल आणि ब्रेक तेच असतात.

१३. मोठे टायर लावले की रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असतानाही गाडी निघेल का?

नाही. इंजिनाचे हवा घेणारे तोंड केवळ १५ ते ३० मिलिमीटर वर गेलेले असते, आणि मोठ्या टायरमधील हवा गाडीला पाण्यात उलट अधिक उचलते, त्यामुळे वाहत्या पाण्यात पकड सुटायला मदतच होते. रपट्याची कड दिसत नसेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबावे.

१४. आरटीओ पकडेल का? विमा आणि वॉरंटीचे काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असणेही बंधनकारक आहे.

सर्वांत निर्धोक मार्ग असा की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी जे माप देते, ते निवडावे. मालकाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. त्यापलीकडे जायचे असल्यास गाडी एमएच ३१, ४० किंवा ४९ यांपैकी ज्या कार्यालयाकडे नोंदलेली असेल तेथे आधी विचारावे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी, कारण न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. बेअरिंग, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीबाबतही हीच अडचण येते.

१५. एकाने थोडेच वापरलेले मोठे टायर स्वस्तात देऊ केले आहेत. घ्यावेत का?

टायरवरील डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतील शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२० म्हणजे २०२० मधील तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हात उघड्यावर ठेवलेले रबर लवकर कडक होते, म्हणून नक्षी भरपूर असली तरी पाच वर्षांपेक्षा जुना टायर मी घेत नाही. भिंतीवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर वय कितीही असो, नकार द्यावा.

१६. मी २८५ चे टायर आधीच लावले आहेत आणि सध्या बदलणे शक्य नाही. आता काय सांभाळू?

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग नव्याने करावे, आणि दर ५,००० किलोमीटरला टायरची जागाबदल करताना स्टेपनीही फेरीत घ्यावी. दर महिन्याला पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे, मग डावी-उजवीकडे हलवावे. पहिल्या हालचालीत खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दुसऱ्या हालचालीत आली तर टाय रॉड एंड बघावा. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडताच चारही मडगार्डच्या आत हात घालून माती काढावी, कारण ही माती ऊन पडले की दगडासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी अस्तर फाडून चाकाबरोबर बाहेर येते. त्यासाठी गाडीत एक खुरपे ठेवावे. पहार तिथे नीट शिरत नाही.